दम्याचा पंप, कॅप्सूलचं मशीन आणि स्पेसर: साधनांचा रिव्ह्यू, समजुतींसकट

दम्याची चिठ्ठी मेडिकलवर आली की काउंटरवर एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "हा धापेचा पंप द्या, तो दुसरा आत्ता राहू द्या." चिठ्ठीवर बहुधा दोन औषधं असतात. एक धाप लागली की घ्यायचं, साल्ब्युटामॉल. दुसरं रोज घ्यायचं, श्वासनलिकांची सूज उतरवणारं, ब्युडेसोनाइडसारखं स्टिरॉइड. पहिलं पाचेक मिनिटांत छाती मोकळी करतं आणि चार ते सहा तास टिकतं. दुसरं घेतलं तर त्या क्षणी काहीच जाणवत नाही. फरक दिसायला आठवडा-दोन आठवडे जातात, पुरता गुण यायला त्याहून जास्त. त्यामुळे आजार आटोक्यात आणणारं औषध पैसे वाया गेल्यासारखं वाटतं आणि वेळ मारून नेणारं औषध रामबाण ठरतं.

इथे चार साधनं पाहिली आहेत: साधा पंप, कॅप्सूलमधली पूड ओढायचं मशीन, पंपाला जोडायची पोकळ नळकांडी म्हणजे स्पेसर, आणि फुंकरीचा जोर मोजणारा पीक फ्लो मीटर. औषध कोणतं, किती, हे डॉक्टर ठरवतील. आपण पाहायचं ते एवढंच, की कोणतं साधन कुठल्या समजुतीपुढे टिकतं आणि कोणतं कपाटात जाऊन पडतं.

साधा पंप

हा प्रकार 1956 साली अमेरिकेत बाजारात आला आणि मूळ रचना अजून तीच आहे. धातूची डबी, आत औषध आणि दाबाखालचा वायू, तोंडाशी मापाचा व्हॉल्व्ह. एकदा दाबलं की मोजून एक फवारा. साल्ब्युटामॉलच्या नेहमीच्या पंपात एका फवाऱ्याला 100 मायक्रोग्रॅम औषध आणि डबीत 200 फवारे असतात.

वापरण्याची पद्धत सांगायला सोपी, करायला अवघड. झाकण काढून पंपाच्या तोंडात डोकावायचं, कारण झाकण हरवून पर्समध्ये फिरणाऱ्या पंपात नाणं किंवा गोळीच्या पाकिटाचा तुकडा अडकलेला असू शकतो, आणि श्वासाबरोबर तो आत जातो. पंप चार-पाच वेळा हलवायचा. श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटायचे, सावकाश आत ओढायला सुरुवात करायची आणि सुरुवात होताच दाबायचं. ओढणं तीन ते पाच सेकंद चालू ठेवायचं, मग दहा सेकंद श्वास धरायचा. दुसरा फवारा अर्ध्या ते एका मिनिटाने, पुन्हा हलवून. नवा पंप असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर आधी दोन-चार फवारे हवेत सोडायचे. नेमके किती, ते आतल्या कागदावर दिलेलं असतं.

चूक होते ती दाबणं आणि ओढणं यांच्या मेळात. आधी दाबलं तर फवारा जिभेवर आणि घशात बसतो. सगळं बरोबर जमलं तरी दहा-वीस टक्के औषधच फुफ्फुसात पोचतं, मेळ चुकला की तेवढंही नाही. मग माणूस म्हणतो, "मला पंप लागू पडत नाही." हाताची चूक औषधाच्या नावावर जमा होते आणि पुढच्या वेळी चिठ्ठी वेगळ्या डॉक्टरची असते.

दुसरी खोट मोजणीची. डबीतलं औषध संपलं तरी वायू उरतो, फवारा उडत राहतो, 'फुस्स' आवाजही येतो. डबी पाण्यात टाकून तरंगते का पाहण्याची युक्ती भरवशाची नाही. काही पंपांच्या पाठीवर आकडा उतरत जाणारी खिडकी असते. मिळत असेल तर तोच पंप घ्यावा. नसेल तर साधा हिशोब: 120 फवाऱ्यांचा रोजचा पंप, सकाळी दोन, रात्री दोन, म्हणजे 30 दिवस. सुरू केल्याची तारीख डबीवर मार्करने लिहावी. 120 चा पंप चौथ्या महिन्यातही चालतोय असं कोणी कौतुकाने सांगत असेल, तर तो चालत नसतो.

सवय कुठल्या पंपाची?

"एकदा पंप लागला की सुटत नाही." दम्याबद्दल मराठी घरांत याहून घट्ट बसलेलं वाक्य नसेल. यावर डॉक्टर चष्म्याचं उदाहरण देतात: चष्मा काढला की धूसर दिसतं, म्हणून कोणी चष्म्याचं व्यसन लागलं म्हणत नाही. उदाहरण छान आहे, पण त्याने भीती जात नाही. कारण भीती सगळीच खोटी नाही. ती चुकीच्या पंपाला चिकटलेली आहे.

जास्त वापराचा धोका आहे तो धापेच्या पंपाला. नुसत्या साल्ब्युटामॉलवर दिवस ढकलले तर आतली सूज तशीच राहते, आराम तेवढ्यापुरता मिळतो, मात्रा वाढत जाते आणि एके दिवशी मोठा अटॅक येतो. वर्षाला 200 फवाऱ्यांचे तीन किंवा अधिक पंप लागत असतील तर तो इशारा समजतात; महिन्याला एक, म्हणजे वर्षाला बारा लागत असतील तर जिवाचा धोका वाढलेला असतो. म्हणूनच दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी, त्यांना 'जिना' (GINA) म्हणतात, 2019 पासून मोठ्यांसाठी आणि 12 वर्षांवरच्या मुलांसाठी एकट्या साल्ब्युटामॉलवर उपचार करायची शिफारस काढून टाकली. त्याऐवजी ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल एकत्र असलेलं औषध धापेलाही वापरायचा पर्याय पुढे आणला. एकाच साधनात लगेचचा आराम आणि सूज उतरवणं दोन्ही. 'आराम देणारं तेच खरं औषध' अशी ज्याची ठाम समजूत आहे त्याच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा त्या आरामातच स्टिरॉइड घालून देणं, हे शहाणपणाचं आहे. हा पर्याय आपल्याला बसतो का, हे डॉक्टरांना विचारावं. पंप मनाने बदलू नये.

गंमत अशी, की 'सवय लागेल' म्हणून बंद होतो तो रोजचा पंप, आणि बिनधास्त खिशात फिरतो तो धापेचा.

आता 'स्टिरॉइड' या शब्दाची भीती. इथे आकडे समोर ठेवलेले बरे. आधी साल्ब्युटामॉल, जे स्टिरॉइड नाही. त्याची गोळी 4 मिलिग्रॅमची, म्हणजे 4000 मायक्रोग्रॅम. पंपाचे दोन फवारे म्हणजे 200. गोळी विसपट जड, पोटातून रक्तात, रक्तातून हातापायांत. म्हणून हात थरथरतात आणि छाती धडधडते. तरीही घरात 'गोळी साधी, पंप कडक' असाच क्रम लावलेला असतो. स्टिरॉइडचंही तेच. रोजच्या ब्युडेसोनाइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, दिवसाला 200-400 च्या घरात असते. ते टाळलं आणि अटॅक आला, की मोठ्या माणसाला प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या रोज 40-50 मिलिग्रॅम, पाच-सात दिवस द्याव्या लागतात. दोन वेगळी औषधं आहेत, मिलिग्रॅमला मिलिग्रॅम तुलना करता येत नाही, पण स्टिरॉइड टाळायला गेलेला माणूस जास्त स्टिरॉइड पोटात घेऊन परत येतो हे खरं. ओढायच्या स्टिरॉइडचे स्थानिक त्रास आहेत: आवाज बसणं, तोंडात पांढरे चट्टे. त्यावर उपाय म्हणजे घेऊन झालं की चूळ भरून थुंकणं. गिळायचं नाही. रात्रीचा डोस दात घासण्याआधी ठेवला की हे आपोआप होतं, आणि डोस विसरतही नाही.

ब्रिटनमध्ये रॉब हॉर्न आणि जॉन वाइनमन यांनी माणसं औषध का घेतात आणि का सोडतात याचा अभ्यास करताना दोनच पारडी मांडली. एकात 'मला याची गरज किती', दुसऱ्यात 'याची मला काळजी किती'. काळजीचं पारडं खाली गेलं की औषध सुटतं. दम्याच्या रोजच्या पंपाबाबतही त्यांना हेच दिसलं. साधन निवडताना हा तराजू हाताशी ठेवावा. नुसतं 'घाबरू नका' म्हणून काळजीचं पारडं हलत नाही, गोळी-फवाऱ्याचे आकडे दाखवल्यावर थोडं हलतं. गरजेचं पारडं जड करायचं काम मात्र पीक फ्लो मीटरचं. त्याकडे पुढे येऊ.

कॅप्सूलचं मशीन

रोटाहेलर हे त्याचं रूढ नाव. रेव्होलायझर त्याच कामाचं, वेगळ्या घडणीचं. महाराष्ट्रात पंपाइतकंच हेही घरोघर दिसतं. कारण स्वस्त आहे, कॅप्सूल मोजून विकत घेता येतात, आणि 'पंप' हा शब्द त्याला चिकटलेला नाही. 'मी पंपावर नाही, कॅप्सूलवर आहे' असं सांगता येतं. विनोदी वाटेल, पण लग्नाच्या मुलीच्या घरी हा फरक खरोखर महत्त्वाचा असतो. औषध मात्र तेच.

रोटाहेलरच्या बुडाच्या चौकोनी भोकात कॅप्सूल उभी घालायची, पारदर्शक बाजू आधी, वरचं टोक कडेला समपातळीत येईपर्यंत दाबायची. मशीनचा खालचा भाग पूर्ण फिरवायचा. 'टक' झालं म्हणजे कॅप्सूल दुभंगली आणि पूड आत सांडली. श्वास बाहेर सोडायचा, पण मशीनमध्ये नाही. तोंडातल्या दमटपणाने पूड चिकटते. मग तोंड लावून जोरात आणि खोल ओढायचं, दहा सेकंद धरायचं. आत पूड दिसत असेल तर पुन्हा ओढायचं, मग रिकामी टरफलं काढून टाकायची. रेव्होलायझरमध्ये कॅप्सूल फुटत नाही, तिला भोकं पडतात आणि ओढताना ती आत फिरते, भिरभिरल्यासारखा आवाज येतो. आवाज नाही म्हणजे ओढणं कमी पडलं.

इथे लक्षात ठेवायची गोष्ट: पंपाला सावकाश ओढायचं, मशीनला जोरात. दोन्ही साधनं एकाच घरात असली की हमखास उलट होतं. डॉक्टरांनी शक्यतो एकाच जातीचं साधन लिहावं, आणि आपणही तसं मागावं.

तोटे. पहिला हास्यास्पद वाटेल, पण होतो: कॅप्सूल म्हणून ती पाण्याबरोबर गिळली जाते. दुसरा दमट हवेचा. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात उघडी राहिलेली कॅप्सूल चिवट होते, नीट फुटत नाही, पुडीच्या गुठळ्या होतात. बाटलीचं झाकण लगेच लावायचं, कोरड्या हाताने एकच कॅप्सूल काढायची, आठवड्याच्या कॅप्सूल गोळ्यांच्या डबीत भरून ठेवायच्या नाहीत. मशीन धुतलं तर पूर्ण वाळल्याशिवाय वापरायचं नाही. तिसरा तोटा गंभीर: मोठ्या अटॅकमध्ये जोरात ओढायची ताकदच नसते. लहान मुलांना आणि थकलेल्या म्हाताऱ्या माणसांना एरवीही ती कमी पडते. फक्त कॅप्सूलवर असलेल्या घरात आणीबाणीसाठी पंप आणि स्पेसर असायला हवा.

एक जमेची बाजू आहे, जी कागदावर लिहिलेली नसते. पूड दिसते, तिची थोडी गोडसर चव लागते (लॅक्टोजची), टरफलं उरतात. 'औषध घेतलं' याचा पुरावा मिळतो. पंपाचा फवारा हवेत विरतो, आणि जे दिसत नाही त्यावर विश्वास बसायला वेळ लागतो.

स्पेसर

चारही साधनांत सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित. प्लॅस्टिकची पोकळ नळकांडी, एका टोकाला पंप, दुसऱ्याला तोंड किंवा मास्क. फवारा आधी नळकांड्यात थांबतो, जड थेंब तिथेच बसतात, बारीक थेंब सावकाश ओढता येतात. दाबण्या-ओढण्याचा मेळ लागत नाही, घशात औषध कमी बसतं, चट्टे कमी पडतात.

एका वेळी एकच फवारा. दाबल्यावर लगेच ओढायचं, रेंगाळलं तर औषध भिंतीवर बसतं. एक खोल श्वास घेऊन धरता येत नसेल तर पाच साधे श्वास नळकांड्यातूनच घ्यायचे. साधारण चार वर्षांखालच्या मुलाला मास्क, नाक-तोंड दोन्ही झाकेल असा, कडेने फट न ठेवता. रडणाऱ्या मुलाला औषध चांगलं पोचतं हा गैरसमज. उलट फारच थोडं पोचतं. शांत झाल्यावर द्यावं.

स्पेसर बिघडतो तो धुण्यात. आई-आजी तो लखलखीत करतात, फडक्याने पुसून. पुसलं की प्लॅस्टिकवर स्थिर वीज येते आणि औषध भिंतीला चिकटतं, फुग्याला कागदाचे कपटे चिकटतात तसं. कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विड साबणाचे दोन-चार थेंब, त्यात पंधरा मिनिटं बुडवून, न घासता, न पुसता, जाळीवर उभा वाळत ठेवायचा. साध्या प्लॅस्टिकचा असेल तर नवाही आधी असाच धुवून घ्यायचा. वीज न धरणारा असेल तर गरज नसते. महिन्यातून एकदा पुरे, किंवा कागदावर असेल त्याप्रमाणे. झडप वाकली, तडा गेला की बदलायचा.

स्पेसर न घेण्याचं कारण पैसे क्वचितच असतं. तो मोठा दिसतो. पंप मुठीत लपतो, हे नळकांडं लपत नाही. शाळेच्या दप्तरात, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, सासरी. म्हणून मध्यम मार्ग: स्पेसर घरी, रोजच्या सकाळ-रात्रीच्या डोससाठी. बाहेर धापेचा पंप खिशात. हे दुकानदाराने सांगितलं तर स्पेसर विकलाही जातो.

जाता जाता नेब्युलायझर, दवाखान्यात नळीने लावतात ते विजेचं मशीन. 'मशीन लावलं की लगेच फरक पडतो, वाफ आत जाते.' ती वाफ नाही, औषधाचं धुकं आहे. गरम पाण्याच्या वाफेशी त्याचा संबंध नाही. साध्या ते मध्यम अटॅकमध्ये स्पेसरमधून दिलेले चार ते दहा फवारे तेवढंच काम करतात, थोड्या वेळात आणि विजेशिवाय. मग मशीनवर विश्वास जास्त का? त्याला आवाज आहे, नळी आहे, दवाखान्याचा थाट आहे. अतिशय जोराच्या अटॅकला, ऑक्सिजनसह दवाखान्यात, त्याची जागा आहेच. घरी मात्र रोज न धुतलेल्या कपातून आपण छातीत काय पाठवतोय याचा विचार करावा.

पीक फ्लो मीटर

न्यूयॉर्कमधल्या दम्याच्या रुग्णांवर 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निम्म्याहून अधिक लोकांचं मत होतं की त्रास होतो तेव्हाच आपल्याला दमा असतो, एरवी नाही. असं मानणारे रोजचं औषध कमी घेत होते. आपल्याकडे याच समजुतीला 'सीझनल' म्हणतात, किंवा 'अॅलर्जीचा खोकला', 'छाती भरते'. 'दमा' शब्द टाळला की रोजचं औषधही टाळता येतं.

पीक फ्लो मीटर त्या समजुतीलाच धक्का देतो. काटा शून्यावर, उभं राहून, छाती भरून श्वास, एक झटकन फुंकर. तीनदा. सर्वांत मोठा आकडा लिहायचा, सरासरी नाही. सकाळी आणि संध्याकाळी, बरं वाटत असताना दोन आठवडे. त्यातला सर्वोच्च तो आपला आकडा. पुढे त्याच्या 80 टक्क्यांच्या वर ठीक, 50 ते 80 मध्ये डॉक्टरांनी ठरवून दिलेलं औषध वाढवायचं, 50 च्या खाली थेट दवाखाना. चुका: बोट काट्याच्या फटीवर येणं, ओठांतून हवा निसटणं, फुंकर लांबवणं.

त्रास जाणवायच्या आधी आकडा उतरू लागतो. सुरुवातीला 400 असलेला माणूस "बरा आहे मी" म्हणत 290 वर आलेला वहीत दिसतो, तेव्हा गरजेचं पारडं आपोआप खाली बसतं. पण महिनाभराने वही सुटते, याची तयारी ठेवा. औषध सुरू करताना आणि बदलताना दोन-दोन आठवडे नेमाने केलं तरी पैसे वसूल.

कोजागिरीचं काय?

कोजागिरीला अनेक गावांत दम्याचं औषध दुधातून किंवा खिरीतून देतात. लोक लांबून येतात, रात्रभर जागतात, पथ्य पाळतात. हैदराबादला मृगाच्या सुमाराला जिवंत माशातून औषध घ्यायला जाणारेही आपल्याकडे आहेत. त्याने दमा आटोक्यात येतो याला पुरावा नाही. पण केळी, दही, ताक वर्षानुवर्षं सोडणारा माणूस दोन फवारे का विसरतो, याचं उत्तर तिथे सापडतं. त्या औषधाला तारीख आहे, सोबत आहे, काय खायचं-नाही याचा ठाम नियम आहे, आणि शेवट आहे. रोजच्या पंपाला यातलं काहीच नसतं. 'चालू ठेवा' एवढंच सांगितलेलं असतं. म्हणून डॉक्टरांकडून तारीख मागून घ्यावी: तीन महिन्यांनी तपासू, आटोक्यात असेल तर मात्रा कमी करू. मात्रा खरंच कमी करता येते, टप्प्याटप्प्याने. आणि कोजागिरीला जायचंच असेल तर जावं, पंप बरोबर घेऊन. रात्रीच्या गारव्यात, गर्दीत, धुरात तो लागू शकतो.

घेताना

साल्ब्युटामॉल आणि ब्युडेसोनाइड अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत, त्यामुळे किमतीला सरकारी मर्यादा आहे. 'महागडं इंपोर्टेड' शोधायची गरज नाही. सर्वांत जास्त उपयोगी जोडी: आकड्याची खिडकी असलेला पंप आणि स्पेसर. जोरात ओढता येत असेल आणि हवा कोरडी असेल तर मशीनही चांगलं. कोणतंही घेतलं तरी काउंटरवरच एकदा करून दाखवायला सांगावं, मग आपण करून दाखवावं. पुढच्या तपासणीला साधन पिशवीत घालून न्यावं, कारण एकदा बरोबर शिकलेली पद्धतही दोन-तीन महिन्यांत ढेपाळते, आणि आपल्याला ते कळत नाही.